देशाच्या कर्जाची वाकळ

१९ सप्टेंबर. घट बसायला तीन दिवस राहिलेत आणि माझ्या टेबलावर सतरा ब्लाउज हुकांविना पडलेत. नवरात्रात रोज ठरलेला रंग नेसायची टूम निघाल्यापासून शिंपिणीला भाद्रपदात श्वास घ्यायला वेळ नसतो. आज दुपारी जांभळे घेऊन बसले. जांभळ्या कापडाचं कात्रण खाली पडलं की माझा हात अजून ते उचलून बाजूला ठेवायला जातो. न्यायला येणारा माणूस आता नाही. सर जाऊन सव्वा वर्ष झालं. कात्रण पोत्यात टाकलं आणि हुक लावता लावता ठरवलं की सरांबद्दल एकदा लिहून टाकावं, कारण सांगलीत त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं चुकीचं आहे.

लोक सांगतात, ते भ्रमिष्ट होते. नव्हते. कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेला, दात शाबूत असलेला, वेळेवर जेवणारा माणूस होता. फक्त त्यांनी देशाच्या कर्जाची वाकळ शिवली होती.

वाकळ म्हणजे आपली गोधडीच. आमच्याकडे बायका जुन्या लुगड्यांचे थर घालून, वर ठिगळं लावून धावदोऱ्याने शिवतात. पुरुष शिवत नाहीत. सर शिवायचे. स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक वर्षाची एक पट्टी. पट्टीची रुंदी म्हणजे त्या वर्षी देशाच्या डोक्यावर किती कर्ज होतं, देशाच्या त्या वर्षाच्या उत्पन्नाच्या मानानं. आणि पट्टीचा रंग म्हणजे लोकसभेत तेव्हा बहुमत कोणाचं. एका मोठ्या पक्षाचा रंग तपकिरी, दुसऱ्याचा जांभळा. कोणाकडेच पुरते खासदार नव्हते आणि चारपाच जणांनी मिळून गाडा ओढला, त्या वर्षांना चौकड्याचं कापड. पट्ट्या एकीला एक जोडत ती वाकळ पंचवीस फुटांच्या वर गेली होती.

"पक्षांचे खरे रंग का नाही घेतले?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"खरे रंग घेतले तर माणूस रंग बघतो. पट्टीकडं त्याचं लक्ष जात नाही," सर म्हणाले. "तुमच्याकडं जांभळं आहे का, टेलरबाई?"

ते मला टेलरबाई म्हणायचे, शेवटपर्यंत. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही शंका आहे.

कात्रणाचे पैसे मी घेत नसे. फुकट घेणं त्यांना जमत नसे. त्यावर त्यांनी तोडगा काढला. स्टुलावर बसून ते माझ्या सगळ्या सुया ओवून ठेवायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, चष्म्याशिवाय, एका फटक्यात दोरा नेढ्यात घालायचा. वीस सुया ओवून झाल्या की त्या पिनकुशनीत रांगेत टोचायचे, प्रत्येकीला दोऱ्याची शेपटी सोडून. मग हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसायचे. माझं दुकान पश्चिमेला तोंड करून आहे. चारनंतर ऊन थेट आत येतं, कापडांवरून सरकतं, हवेत तंतू तरंगताना दिसतात. त्या उन्हात सर बोलायचे. माझ्याशी बोलतात की स्वतःशी, ते कळायचं नाही. मशीन चालू असलं की निम्मं ऐकू यायचं, थांबवलं की ते वाक्याच्या मध्येच असायचे.

"...म्हणून सरकारनं कर्ज काढलं म्हणू नये. सरकार मागतं. तिजोरीतला एक रुपया काढायचा तरी सभागृहाला विचारावं लागतं. हो म्हणणारे हात तिथं असतात. हात मोजायचे, टेलरबाई. कोणाचे किती वर झाले."

हा त्यांचा ठेकाच होता. कोणी म्हणालं, अमक्या मंत्र्यानं देश कर्जात घातला, की सर विचारणार, "हात कुणी वर केले?" कोणी म्हणालं, तमक्यानं देश वर काढला, तरी तेच. हा प्रश्न त्यांनी भाजीवाल्याला विचारलेला मी ऐकलाय. बटाटे महागल्याबद्दल भाजीवाला साधं कुरकुरत होता. "सर, हात वर करायला मला कोण विचारतंय? मी बटाटं तोलतो," तो म्हणाला. सरांना ते उत्तर आवडलं असावं. पावकिलो जास्त घेतले.

अर्थसंकल्पाच्या भाषणाच्या दिवशी सगळा बाजार टीव्हीपुढे असायचा. सर त्या दिवशी दुपारी झोपायचे. त्यांचा सण पुढे मार्चमध्ये, लोकसभा खर्चाला प्रत्यक्ष मंजुरी देते त्या दिवशी. तो दिवस कधी येतो आणि जातो, कोणाला पत्ता नसतो. सर त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भडंगाची पुडी घेऊन यायचे आणि दुकानात आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर चिमूटभर ठेवायचे. "कशाचं सर?" "आज हात वर झाले." बायका भडंग खाऊन ब्लाउज घेऊन जायच्या.

निवडणुकीत त्यांची वाकळ मागायला दोन्हीकडचे कार्यकर्ते यायचे. एकदा माझ्याच दुकानात गाठलं. तरुण होते, नम्र होते. म्हणाले, "सर, सभेत फक्त मागं लावू. जांभळा भाग तेवढा दिसला म्हंजे झालं."

"वाकळ घडी घालून देत नाही," सर म्हणाले. "पूर्ण पसरायला जागा असेल तर सांगा."

"एवढं मोठं स्टेज कुठं असतंय सर?"

"मग स्टेज मोठं झालं की या."

आठवड्यानं दुसरे आले, तपकिरी भाग मागायला. त्यांनाही शब्दाला शब्द तेच उत्तर. जाताना त्यातला एक मला हळूच म्हणाला, "मॅडम, तुमी मधला तुकडा कापून देऊ शकाल का?" मी त्याला कात्री दाखवली. कशासाठी, ते त्याला बरोबर समजलं.

पण सरांचं स्वतःचं एक मत होतं, आणि त्या मतापायी त्यांची सख्खी बहीण तुटली होती. हे मला पहिल्या दिवाळीतच कळलं. भाऊबीजेला दुकान अर्धा दिवस उघडं असतं, उशिरा जागे झालेले भाऊ बहिणीच्या ब्लाउजपिसाला अस्तर शोधत येतात म्हणून. सर सकाळी दहाला येऊन बसले. सुया ओवल्या. बारा वाजले. मी म्हटलं, "सर, आज ओवाळायला कोणी नाही का?"

"आहे. कोरेगावला. थोरली बहीण." दोऱ्याचं टोक त्यांनी ओठात धरून ओलं केलं. "बोलत नाही."

आक्का म्हणजे त्यांची चार वर्षांनी मोठी बहीण. कोरेगाव तालुक्यात दिलेली, उसाची आणि घेवड्याची शेती, नवरा लवकर गेलेला. पंचायत समितीवर दोनदा निवडून आलेली, पक्षाची जन्माची माणूस. पक्ष तपकिरी. सरांना वाकळ शिवायला तिनंच शिकवलं. निवृत्तीनंतर ही कल्पना डोक्यात आली तेव्हा सर कापड घेऊन तिच्याकडेच गेले, आणि तिनं एकच अट घातली. आमच्या पक्षाची वर्षं मी शिवणार, त्याला दुसऱ्याचा हात लागू देणार नाही. तसं ठरलं. सर आकडे शोधायचे, हिशेब करायचे आणि कोरेगावला कार्ड टाकायचे: अमुक वर्ष, रुंदी इतकी बोटं. तपकिरी पट्ट्या आक्का तिकडे शिवायच्या, जांभळ्या आणि चौकड्याच्या सर इकडे. हिवाळ्यात सगळं जोडायचे. चार हिवाळे गेले त्यात.

वाकळ पुरी झाल्यावर सरांनी ती आपल्या गच्चीवर पसरली आणि दिवसभर तिच्याभोवती फिरले. आकडे त्यांनी मुद्दाम कधी एका कागदावर मांडले नव्हते. "आकडा एका वेळी एकच दिसतो. वाकळ एकदम दिसते," असं त्यांचं म्हणणं. आणि एकदम बघितल्यावर दिसत होतं की तपकिरी पट्ट्या रुंद आहेत. फार नाही, पण डोळ्याला जाणवेल एवढ्या. साताऱ्याच्या एका वाचनालयात त्यांनी व्याख्यान दिलं. वाकळ सभागृहाच्या तीन भिंतींवरून फिरवली होती. पहिल्या रांगेत आक्का, नवं लुगडं नेसून. पन्नासेक माणसं. सर म्हणाले की सभागृहावर ताबा कोणाचा याचा कर्जाशी संबंध आहे, आणि तपकिरी बहुमत असलं की कर्ज जास्त. आक्का उठल्या, पिशवी घेतली आणि स्टँडवर चालत गेल्या.

पूर आला तोवर त्याला सात वर्षं झाली होती. सात भाऊबिजा सर माझ्या स्टुलावर बसले.

"माफी मागा आणि मोकळे व्हा," मी म्हणायची.

"माफी कशाची? पट्टी रुंद आहे ती आहे."

"मग तेवढ्या जागी राखाडी ठिगळ मारून देते."

सर माझ्याकडे असं बघायचे, जणू मी त्यांना रेशनकार्डावर खोटं नाव लावायला सांगितलं.

महापुराच्या साली पाणी आमच्या रस्त्याला आलं तेव्हा सरांच्या घरात कंबरेएवढं होतं. होडीवाल्यानं त्यांना काय काय घ्यायचं ते घ्या म्हटलं. त्यांनी पेन्शनचे कागद घेतले नाहीत, वाकळेचा वळकटा घेतला. दोघांनी मिळून तो होडीत टाकला. शाळेत आमची सोय केली होती. पांघरुणं अपुरी होती. सरांनी वाकळ उलगडली आणि वर्गाच्या लांबीत आडवी अंथरली. तिच्याखाली नऊ माणसं ओळीनं मावली. मीही होते. कडेला कोणाची तरी म्हातारी आई, मग एक बाळंतीण, मग आम्ही. बाहेर पाण्याचा एकसारखा आवाज, आत ओल्या भिंतींचा वास, आणि अंगावर तो जड, जुना, अनेक घरांच्या कापडांचा पसारा. मी इतकी गाढ झोपले की पूर कुठे, दुकान कुठे, काही राहिलं नाही. सकाळी सर एकेकाला विचारत होते, "तुम्ही कुठल्या वर्षाखाली होता?" म्हातारीनं अंगावरचं तपकिरी फडकं वर करून दाखवलं. सर वाकून म्हणाले, "दुष्काळ होता हो त्या साली." म्हातारी म्हणाली, "व्हय. म्हणूनच थंडी वाजली जरा."

पाण्यानं वाकळेची कड कुजली. दसरा झाल्यावर सर ती माझ्याकडे घेऊन आले, चारही बाजूंनी नवा गोट लावायला. पंचवीस फुटी वाकळेला गोट लावायचा म्हणजे मी आधी मोजणार. दुकान बंद असायचा वार होता. शेजारच्या मंगल कार्यालयाचा हॉल रिकामा होता, तिथं फरशीवर पसरली. वरच्या झरोक्यांतून ऊन पडलं होतं. सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, मी टेप घेऊन गुडघ्यावर सरकत होते. पुराच्या रात्री अंगावर घेतली तेवढं सोडलं तर एवढी वर्षं ती मी घडीतच पाहिली होती. त्या दिवशी मला ती वरून दिसलेल्या शेतांसारखी दिसली. कुठे नांगरलेलं, कुठे वांगी लावलेली, मध्येच चौकोनी वाफे.

सहज म्हणून एका जांभळ्या पट्टीवर हात ठेवून मी विचारलं, "ही किती बोटांची?"

सरांनी एक डोळा उघडला. "पाच."

सगळ्या पट्ट्या त्यांना पाठ होत्या. मी एका तपकिरीवर गेले. "आणि ही?"

"तीही पाच."

मी शिंपीण आहे. दोन पाच बोटं सारखी नाहीत हे मला टेपाशिवाय दिसतं. तरी टेप लावला. जांभळी साडेतीन इंचाला सुतानं कमी, तपकिरी चारच्या वर. आणखी एक जोडी पाहिली, चार बोटांची. तिथंही तपकिरी अर्ध्या इंचानं पुढे. चौकड्याची पट्टी जांभळीच्या बरोबरीनं.

मला काय सापडलंय ते तेवढ्यात कळलं होतं. सांगावं की नाही, याचा विचार केला, खोटं कशाला बोलू. एवढं एकच मत होतं त्या माणसाचं. पण सात भाऊबिजाही त्याच मतानं खाल्ल्या होत्या.

"सर, आक्का बोटं कुणाची धरायच्या?"

"म्हणजे?"

"तुम्ही कार्डावर लिहायचात पाच बोटं. त्या मोजायच्या कशानं?"

"बोटांनी. वाकळ बोटांवरच मोजतात. तिनंच शिकवलं."

"आणि तुम्ही तुमच्या बोटांनी."

सरांनी दोन्ही डोळे उघडले. मग उजवा हात समोर धरला आणि बघत राहिले. खडू धरून धरून निमुळती झालेली, लांब, बारीक बोटं. ऊन त्यांच्या हातावर होतं, मग हातावरून भिंतीवर गेलं, तरी ते बघतच होते. मी तोवर गोटाचं माप लिहून घेतलं.

"तिची बोटं जाड आहेत," ते शेवटी म्हणाले. "आयुष्यभर खुरपं धरलंय तिनं."

मग चार दिवस आले नाहीत. सुया मी ओवल्या. पाचव्या दिवशी आले, बसले नाहीत. म्हणाले, "टेलरबाई, कोरेगावला यायचं का? टेप घेऊन."

"तुम्ही जा की. घरचा मामला आहे."

"मला बघून ती दार लावेल. परक्या बाईच्या तोंडावर लावायची नाही."

सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. वळकटा दोघांच्या मध्ये, तिसऱ्या माणसासारखा. ताकारी गेलं, कऱ्हाड गेलं. उसाला तुरे आले होते. गाडी हळूहळू चालली होती आणि दोन्ही बाजूंनी ते पांढुरके तुरे वाकत होते, सरळ होत होते. सर खिडकीला डोकं टेकून ओठ हलवत होते. मला वाटलं, काय बोलायचं त्याची तयारी करतायत. कान दिला तर वर्षं आणि बोटं म्हणत होते, एकामागून एक, पाढ्यासारखी.

रहिमतपूर गेल्यावर म्हणाले, "काहीच नाही."

"काय काही नाही?"

"सगळं एका मापात आणलं मनात. दोघांच्याही रुंद आहेत, दोघांच्याही अरुंद आहेत. चौकड्यांचं तसंच. जिथं रुंद झाली तिथं आधी काहीतरी कोसळलंय. पाऊस, लढाई, तेल. मग हात वर झालेत. जे बसले होते त्यांचे झाले." खिडकीवरून डोकं उचलून म्हणाले, "आणि निम्मे हात आधीच्यांच्या व्याजासाठीच वर होतात. ते कुणाच्या रंगात घालायचे, हे मला सुचलंच नव्हतं."

त्यांचा चेहरा पडलेला नव्हता, उजळलेलाही नव्हता. लांबच्या प्रवासातून उतरलेल्या माणसासारखा होता.

आक्कांचं घर स्टेशनपासून लांब नाही. अंगणात सुपात घेवडा घेऊन बसल्या होत्या, शेंगा सोलत. ठेंगण्या, भरलेल्या, ऐंशीला टेकलेल्या. आवाज ऐकूनही मान वर केली नाही.

"कोण हाय?"

"मी."

"मी म्हंजी कोण? मतदार यादीत नाव काय?"

"आक्का, तुझा भाऊ."

"भाऊ व्हता एक. साताऱ्याला भाषानाला गेला, त्यो माघारी आला न्हाई." मग माझ्याकडे बघितलं. "बस बाई तू. उन्हातनं आलीस. ह्यो कोण आणलास बरोबर?"

सर उभेच. वळकट्याची गाठ चाचपत राहिले. तीस वर्षं वर्गात बोललेला माणूस. शेवटी मीच आक्कांजवळ बसले आणि म्हटलं, "आक्का, जरा हात बघू. माप घ्यायचंय."

"कशाचं? अंगठी करताय व्हय मला? पाटल्या तर सुनंनं नेल्या."

चार बोटं जुळवून धरायला सांगितली. सव्वातीन इंच. सरांना हात पुढे करायला लावला. पावणेतीन. दोन्ही हात शेजारी शेजारी सुपाच्या काठावर ठेवले आणि मी सगळं सांगितलं, सरळ, जसं गिऱ्हाइकाला बाही का चुकली ते सांगते तसं.

आक्का ऐकत होत्या, शेंगा सोलत होत्या. माझं झालं. एक शेंग सोलून झाली, दुसरी सोलून झाली.

"म्हंजी साताऱ्यात पन्नास माणसांम्होरं देशाच्या डोस्क्यावर जे घातलंस," त्या भावाला म्हणाल्या, "ते माझं बोट हुतं."

"हो."

"आमच्या सभागृहानं कर्ज वाढवलं न्हाई मग?"

मला वाटलं, एवढं एक न्हाई म्हणावं आणि संपवावं. सर म्हणाले, "वाढवलं. त्यांच्याएवढंच. कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी."

मी डोळे मिटून घेतले. आक्का मात्र हसल्या, पोटातून, आवाज न करता. सूप हललं.

"न्हाई म्हणाला असतास तर काठी घेऊन हाकलला असता तुला," त्या म्हणाल्या. "आमच्यातली निम्मी आता त्यांच्यात जाऊन बसल्यात. हात त्येच. कुटं मोजणार हाईस तू? बरं, त्या पन्नास जणास्नी कोण सांगणार?"

"मी सांगणार."

ते त्यांनी केलंही. पुढच्या महिन्यात साताऱ्याला जाऊन त्याच वाचनालयात दुसरं व्याख्यान दिलं. मी चुकलो कसा, असा विषय होता. पहिल्याला पन्नास माणसं होती, दुसऱ्याला अकरा, त्यात आम्ही दोघी.

पण त्या दिवशी अजून एक गोष्ट राहिली होती. सरांनी वळकटा सोडला आणि म्हणाले, "तपकिरी पट्ट्या उसवून टेपावर बारीक करून घेऊ. टेलरबाई करतील."

आक्कांचा चेहरा पुन्हा बंद झाला. "माझ्या हातचं उसवायचं न्हाई."

"आक्का, मापात नको का यायला?"

"चार हिवाळं बसलीय मी त्याच्यावर. डोळं गेलं माझं त्यात. उसवायचं न्हाई म्हंजी न्हाई." सूप बाजूला सारलं. "तुझ्या पट्ट्या उसव. माझ्या बोटावर शीव पुन्यांदा. मापच पायजे न्हवं? माझं घे."

मी म्हटलं, झालं, आता हा माणूस वळकटा बांधणार आणि आम्ही दुपारच्या गाडीनं परत. पण ते वाकळेकडे बघत हिशेब करत होते. ओठ हलत होते.

"चालेल," ते म्हणाले. "प्रमाण तेच राहतं."

"राहतंय न्हवं? मग भाकरी खावा."

घेवड्याची आमटी, भाकरी, कांदा. सरांनी चौथी भाकरी घेतली तेव्हा आक्कांनी विचारलंही नाही, ताटात टाकली. जेवून मी ओसरीवर पडले, वाकळेचं एक टोक अंगावर घेऊन, पाच मिनिटं म्हणून. अर्धवट झोपेत मला एक मोठं सभागृह दिसलं, आणि त्यात ओळीनं हात वर होत होते, जाड, बारीक, खुरपं धरलेले, खडू लागलेले, आणि कोणाचे कुठले ते ओळखू येत नव्हतं. वर उसाचे तुरे हलत होते. कुठून तरी दोन माणसं वाद घालत असल्याचा आवाज येत होता, आणि तो इतका घरचा वाटत होता की मला उठावंसं वाटेना.

उठले तेव्हा दोघं खरंच वाद घालत होते. नुकत्याच निवडून आलेल्या सभागृहाच्या पहिल्या पट्टीला कापड कुठलं, यावर. आक्कांच्या हातात माझा टेप होता.

निघताना मी आक्कांचा हात एका वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढून घेतली. सर त्या रात्री तिथंच राहिले. मी संध्याकाळच्या गाडीनं एकटी सांगलीला आले, वळकटा घेऊन. हमालाला वीस रुपये दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दुकान उघडलं. वर्तमानपत्रावरची चार बोटं पुठ्ठ्यावर उतरवून कापून घेतली. मग वाकळ टेबलावर ओढली, पहिली जांभळी पट्टी शोधली, आणि ब्लेडनं तिचा धागा कापायला सुरुवात केली.